फोनबुकातली माणसं

कुणाच्याही मोबाइलमधली कॉन्टॅक्ट लिस्ट सावकाश वाचत गेलं, तर तासाभरात त्या माणसाचं अर्धं आयुष्य कळतं. ‘आई’, ‘बाबा नवा नंबर’, ‘ताई सांगली’ अशी घरची माणसं आधी भेटतात. मग ‘पतपेढी वसुली’, ‘वकील कुडाळ’, ‘डॉक्टर केमो’, ‘सोनेतारण’, ‘मेस काकू’, ‘क्लासचे सर’. ही नावं दुसऱ्या कुणी वाचावीत म्हणून आपण लिहिलेली नसतात, त्यामुळे त्यांत आडपडदा नसतो. घरात कोण आजारी आहे, कर्ज कुठून उचललंय, खटला कोणत्या गावी चालू आहे, मुलगी कुठे शिकते, हे सगळं तिथे दोन-दोन शब्दांत मांडून ठेवलेलं असतं.

नवं अ‍ॅप उघडल्यावर ‘कॉन्टॅक्ट्स पाहू देता का?’ असा प्रश्न पडद्यावर येतो. आपण ‘अलाऊ’वर बोट टेकवतो आणि ही सगळी यादी एका झटक्यात कुठल्या तरी सर्व्हरवर जाऊ शकते. बोट आपलं असतं, पण यादीतल्या चारशे-पाचशे माणसांना कुणी विचारलेलं नसतं. खासगी माहितीचा विषय निघाला की ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. एखाद्याकडे खरोखरच तसं काही नसेल. पण त्याच्या फोनमध्ये ज्यांची नावं, फोटो, मेसेज आणि पत्ते आहेत, त्यांच्या वतीनं हे उत्तर द्यायचा अधिकार त्याला नाही. अ‍ॅप वापरताना घ्यायची काळजी या प्रकरणात मी याच बाजूनं सांगणार आहे, कारण आपल्या देशात घराघरांवर आलेली मोठी संकटं याच वाटेनं आली.

सात दिवसांचं कर्ज

करोनाच्या टाळेबंदीत हातावर पोट असलेल्यांची मिळकत थांबली, अनेकांचे पगार कापले गेले. नेमक्या त्याच काळात ‘पाच मिनिटांत कर्ज’ देणारी अ‍ॅप गावोगाव पोचली. तारण नको, जामीनदार नको, बँकेत खेटे नकोत. आधार आणि पॅन कार्डाचा फोटो, एक सेल्फी आणि चार परवानग्या दिल्या की पैसे खात्यात जमा. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी गरजू माणसं तिकडे वळली. व्यवहार साधारण एकाच छापाचा असे. पाच हजार मागितले की प्रोसेसिंग फी आणि व्याज आधीच कापून तीन-साडेतीन हजार हातात पडत, आणि आठवड्याभरात परत मात्र पुरे पाच हजार करायचे. ते जमलं नाही, की दुसरं अ‍ॅप तत्परतेनं पहिल्याचं देणं भागवायला पुढे येई.

हप्ता चुकला की खरा प्रकार सुरू व्हायचा. वसुलीवाला कर्जदाराला फोन करायचाच, शिवाय त्याच्या सासऱ्यांना, ऑफिसातल्या साहेबांना आणि मुलीच्या शिक्षिकेलाही करायचा. ‘तुमचं नाव जामीनदार म्हणून दिलंय’, असं त्यांना सांगायचा. गॅलरीतून उचललेला फोटो अश्लील चित्राला जोडून तो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला जायचा. विनातारण कर्ज मिळालं असं समजणाऱ्याला तेव्हा उमगायचं, की त्याची कॉन्टॅक्ट लिस्टच तारण ठेवली गेली होती. २०२०च्या डिसेंबरात तेलंगणमध्ये या छळापायी लोकांनी जीव दिल्याच्या घटना उघड झाल्या आणि पोलिसांनी धरपकड केली. महाराष्ट्रासह इतर राज्यांतूनही तशाच तक्रारी आल्या. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना नंतरही वसुलीचे फोन येत राहिले, हे वाचताना संताप आवरत नाही.

रिझर्व्ह बँकेनं २३ डिसेंबर २०२० रोजी लोकांना सावध केलं आणि पुढच्याच महिन्यात एक कार्यगट नेमला. २०२१च्या जानेवारी-फेब्रुवारीत भारतीय अँड्रॉइड फोनधारकांसाठी ऐंशीहून जास्त अ‍ॅप स्टोअरवर कर्ज देणारी सुमारे १,१०० अ‍ॅप उपलब्ध होती आणि त्यांतली सुमारे ६०० बेकायदा होती, असं या गटाच्या अहवालात नोंदलं आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेनं नियमच घालून दिला: कर्जाच्या अ‍ॅपनं फोनमधल्या फाइल, फोटो, कॉन्टॅक्ट लिस्ट आणि कॉलच्या नोंदी यांना हात लावायचा नाही. केवायसीपुरता कॅमेरा, माइक किंवा लोकेशन एकदाच, तेही स्पष्ट संमती घेऊन वापरता येईल. कर्जाची रक्कमही बँकेच्या किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेच्या खात्यातून थेट कर्जदाराच्या खात्यात आली पाहिजे. पाठोपाठ गूगलनंही ३१ मे २०२३पासून प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅपना कॉन्टॅक्ट आणि फोटो वाचायला मनाई केली.

म्हणून आज एखादं कर्जाचं अ‍ॅप कॉन्टॅक्ट लिस्ट मागत असेल, तर व्याजदर बघायचीही गरज नाही. ते नियम मोडतंय हे त्या एका मागणीवरून सिद्ध होतं. अ‍ॅपमागे कोणती बँक किंवा वित्तसंस्था आहे हे अ‍ॅपमध्ये लिहिलेलं असायला हवं, आणि नियमांतल्या संस्थांच्या अ‍ॅपची यादी २०२५पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. मात्र तीत नाव सापडलं म्हणून डोळे मिटून सही करू नये, कारण ती माहिती त्या संस्थांनीच भरलेली असते. नाव सापडलंच नाही तर पाऊल मागे घ्यावं. बेकायदा धंदा करणारे आता प्ले स्टोअरच्या बाहेरून, व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरच्या लिंकांमधून गिऱ्हाईक गाठतात.

मराठी टायपिंगसाठी घेतलेला कीबोर्ड

कर्जाच्या अ‍ॅपमागचा हेतू तरी वाईट होता. नुसत्या निष्काळजीपणातून किती माणसं उघड्यावर येतात, याचं उदाहरण एका कीबोर्डचं आहे. एआय.टाइप हा इस्रायलमधल्या कंपनीचा कीबोर्ड जगभर वापरला जाई. डिसेंबर २०१७मध्ये सुरक्षा संशोधकांना त्याची माहितीपेढी इंटरनेटवर पासवर्डविना उघडी सापडली. वापरणारे होते ३ कोटी १० लाख. पण त्यांच्या फोनमधल्या कॉन्टॅक्ट लिस्टांतून गोळा केलेल्या नोंदी होत्या ३७ कोटींहून जास्त. यांतल्या बहुतेकांनी त्या कीबोर्डचं नावही ऐकलेलं नसणार. ओळखीच्या कुणीतरी तो डाउनलोड केला, एवढाच त्यांचा संबंध.

आपल्याकडे हा मुद्दा जास्त लागू आहे. मराठीत टाइप करायचं म्हणून प्ले स्टोअरवर ‘मराठी कीबोर्ड’ शोधायचा आणि जो पहिला दिसेल तो घ्यायचा, ही सवय सर्रास आहे. कीबोर्ड बोटाखालचं प्रत्येक अक्षर वाचू शकतो. नवा कीबोर्ड सुरू करताना अँड्रॉइड तशी सूचनाही देतो, की यावर टाइप केलेला मजकूर, अगदी पासवर्ड आणि कार्ड नंबरसुद्धा, गोळा होऊ शकतो. ती सूचना वाचायला थांबतं कोण? खरं तर गूगलच्या जीबोर्डमध्ये मराठी आहे आणि आयफोनमध्ये मराठी कीबोर्ड मुळातच दिलेला असतो. फोनच्या भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडली की काम होतं. रंगीत पार्श्वभूमी आणि स्टिकर यांच्या बदल्यात फोनवरचं आपलं सगळं बोलणं अनोळखी कंपनीच्या हाती द्यावं, हे मला पटत नाही.

शुभविवाह.एपीके

आता सगळ्यांत धोक्याची वाट. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्या नंबरावरून मेसेज येतो: ‘आमच्याकडे लग्न आहे, पत्रिका पाठवत आहे, सहकुटुंब यावे.’ खाली फाइल असते. नाव असतं ‘शुभविवाह’ किंवा ‘वेडिंग कार्ड’, आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन ‘एपीके’ ही तीन अक्षरं. लग्नसराईत अशी पत्रिका येणं स्वाभाविक असतं. कधी पत्रिकेऐवजी आरटीओचं चलान असतं, कधी पीएम किसानच्या हप्त्याची यादी, कधी ‘आज रात्री वीज कापली जाईल’ असं सांगणारं बिल. फाइलच्या नावाचं शेपूट मात्र तेच.

पत्रिका फोटोच्या किंवा पीडीएफच्या रूपात येते आणि बोट लावताच उघडते. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर अ‍ॅप बसवण्याची फाइल. ती उघडायला गेलं की फोन विचारतो, ‘अनोळखी ठिकाणाहून आलेलं अ‍ॅप इन्स्टॉल करायचं का?’ पत्रिका बघण्यासाठी काही इन्स्टॉल करावं लागत नाही, एवढं लक्षात आलं तर पुढचं सगळं टळतं. ते लक्षात न येता होकार गेला, की अ‍ॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं, कधी मेसेजचं मुख्य अ‍ॅप म्हणून आपलीच नेमणूक करून घेतं. पडद्यावर पत्रिका दिसत नाही. अ‍ॅपचं चिन्हही बहुधा गायब होतं, आणि माणूस ‘फाइल खराब असेल’ म्हणून विसरून जातो.

त्यानंतर येणारा प्रत्येक ओटीपी भामट्याच्या फोनवर पोचतो. बँकेचं खातं रिकामं होतं, आणि त्याचबरोबर आणखी एक गोष्ट घडते. भामटा तुमच्या नंबरानं स्वतःच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप सुरू करतो, त्याचा सहा अंकी कोड तुमच्या एसएमएसमधून उचलतो, आणि तुमच्या नावानं तुमच्या सगळ्या ग्रुपवर तीच पत्रिका पाठवतो. भावकीचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेतल्या दहावीच्या बॅचचा ग्रुप. मामांच्या नंबरावरून आलेली पत्रिका भाच्याला खरी वाटते ती याचमुळे. ‘अनोळखी नंबरावरची फाइल उघडू नका’ हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. पाठवणारा ओळखीचा असला, तरी एपीके उघडायची नाही. शंका आली तर त्यांना साधा फोन लावून विचारावं.

या साखळीतली एक कडी प्रत्येकाला आजच तोडता येते. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये अकाउंट विभागात दुहेरी पडताळणीची सोय आहे. तिथे सहा अंकी पिन ठेवला, तर चोरलेल्या ओटीपीवर दुसऱ्या फोनमध्ये तुमचं व्हॉट्सअ‍ॅप सुरू करता येत नाही. तुमच्या ग्रुपमधली माणसं त्यामुळे वाचतात. फोनमधलं प्ले प्रोटेक्ट हे गूगलचं सुरक्षाकवचही चालू असू द्यावं. बाहेरून आलेलं अ‍ॅप एसएमएस, नोटिफिकेशन किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटी यांसारख्या नाजूक परवानग्या मागत असेल तर ते बसवूच न देण्याची व्यवस्था गूगलनं भारतात २०२४च्या अखेरीस सुरू केली. ‘आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा’ असं फोनवरून कुणी सांगू लागलं, तर तो भामटा आहे हे समजून घ्यावं.

अ‍ॅक्सेसिबिलिटी या परवानगीबद्दल दोन शब्द वेगळे सांगायला हवेत. दृष्टिहीन व्यक्तींना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवता यावा, हात चालत नसलेल्यांच्या वतीनं बटणं दाबता यावीत, यासाठी ती आहे आणि त्यांच्यासाठी ती अत्यंत मोलाची आहे. पण जे अ‍ॅप पडदा वाचू शकतं आणि बटणं दाबू शकतं, ते बँकेचं अ‍ॅप उघडून पैसेही पाठवू शकतं. अशा सोयीची गरज नसताना कुणी ही परवानगी मागितली, तर ती देणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणं.

बॅटरीच्या उजेडात

इथवर उघड गुन्हेगारांची आणि एका निष्काळजी कंपनीची गोष्ट झाली. नावाजलेल्या, प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपमधूनही माहिती झिरपते, ती कशी ते एका टॉर्चच्या अ‍ॅपनं जगाला दाखवलं. ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ हे अ‍ॅप कोट्यवधी लोकांनी घेतलं होतं. काम एकच, कॅमेऱ्याचा दिवा लावणं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१३च्या डिसेंबरात जाहीर केलं, की हे अ‍ॅप फोन नेमका कुठे आहे ते आणि फोनचा ओळखक्रमांक जाहिरात कंपन्यांना पाठवत होतं. ग्राहकानं अटी ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ करण्याआधीच माहिती रवाना झालेली असे.

चारोळी लिहायच्या किंवा पंचांग दाखवायच्या अ‍ॅपमध्येसुद्धा त्याच्या निर्मात्यानं न लिहिलेला बराच कोड असतो. जाहिराती दाखवणं, किती जण कुठे टिचकी मारतात ते मोजणं, फेसबुक किंवा गूगलनं लॉगिन करू देणं, या कामांसाठी इतर कंपन्यांचे तयार तुकडे आणून जोडलेले असतात. त्यांना एसडीके म्हणतात. अ‍ॅपला मिळालेली परवानगी सहसा या तुकड्यांनाही मिळते. पाहुण्याला दार उघडावं आणि त्याच्या मागून चार अनोळखी माणसं आत शिरावीत, तसं हे होतं. पाळीच्या तारखा लिहून ठेवायचं फ्लो नावाचं अ‍ॅप १० कोटींहून जास्त जणींनी घेतलं होतं. ही माहिती आपल्यापाशीच राहील असं आश्वासन देऊनही कंपनीनं गरोदरपणासारख्या गोष्टींच्या नोंदी फेसबुक आणि गूगलच्या विश्लेषण सेवांपर्यंत जाऊ दिल्या, असा आरोप त्याच कमिशननं ठेवला. जानेवारी २०२१मध्ये त्यावर समझोता झाला. जी गोष्ट बाई अजून घरात बोललेली नसते, ती जाहिरातदाराच्या वहीत चढलेली असावी, हे भयंकर आहे.

‘पण त्यात आमचं नाव थोडंच असतं?’ असं यावर विचारलं जातं. नावाची गरज पडत नाही. इव्ह-अलेक्सांद्र द माँजॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली १५ लाख लोकांच्या फोनच्या १५ महिन्यांच्या निनावी नोंदी तपासल्या. अमुक वेळी फोन साधारण अमुक टॉवरजवळ होता, अशा फक्त चार नोंदी ९५ टक्के माणसांना गर्दीतून वेगळं काढायला पुरल्या. रात्रभर फोन जिथे असतो ते घर, दिवसा जिथे असतो ते कामाचं ठिकाण, आणि दर पंधरा दिवसांनी जिथे जातो तो दवाखाना. एवढं कळल्यावर नाव शोधायला वेळ लागत नाही.

इथेही माहिती एकट्याची राहत नाही. स्ट्राव्हा हे धावण्याच्या नोंदी ठेवणारं अ‍ॅप आहे. त्यानं जगभरातल्या वापरकर्त्यांच्या वाटा एकत्र करून नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८मध्ये नेथन रूजर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की अफगाणिस्तान आणि सीरियातल्या ओसाड भागांत लष्करी तळांच्या आकाराच्या रेषा उजळून दिसताहेत. काही सैनिकांनी व्यायाम मोजायला घड्याळं बांधली होती, आणि तळ सगळ्या तुकडीचा उघडा पडला.

सेटिंगमध्ये एक फेरी

२०१५ साली अँड्रॉइडची सहावी आवृत्ती येईपर्यंत अ‍ॅप बसवतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. पटलं तर घ्या, नाहीतर सोडा. आता प्रत्येक परवानगी वेगळी मागावी लागते आणि नाकारता येते. लोकेशन ‘अ‍ॅप चालू असेपर्यंतच’ किंवा ‘फक्त या वेळेपुरतं’ देता येतं. २०२०च्या आयओएस १४पासून आणि २०२१च्या अँड्रॉइड १२पासून नेमक्या जागेऐवजी ढोबळ परिसर सांगण्याची सोय झाली. हवामानाच्या अ‍ॅपला तुमचं गाव कळलं तरी पुरतं, बिल्डिंग कळायची गरज नाही. कॅमेरा किंवा माइक चालू असताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात रंगीत ठिपका किंवा चिन्ह उमटतं, तेही याच आवृत्त्यांपासून. आपण कॉलवर नसताना, फोटो काढत नसताना ते दिसलं, तर कोणतं अ‍ॅप चालू आहे ते तिथेच पाहून घ्यावं.

माझा आग्रह एका गोष्टीचा आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी विभागात परमिशन मॅनेजर असतो. तिथे ‘कॉन्टॅक्ट्स’ उघडा. कॉन्टॅक्ट वाचू शकणाऱ्या अ‍ॅपची यादी समोर येईल. फोन आणि मेसेजची अ‍ॅप तिथे असणारच. त्यांच्या खाली फोटो सुशोभित करणारं अ‍ॅप, दोन वर्षांपूर्वी एका ऑर्डरपुरतं घेतलेलं खरेदीचं अ‍ॅप, मुलानं डाउनलोड केलेला खेळ, अशी नावं निघतात. प्रत्येकाबद्दल एवढंच विचारायचं: माझ्या माणसांचे नंबर नसतील तर याचं काम अडेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर परवानगी काढून घ्यायची. बहुतेक अ‍ॅप त्यानंतरही सुरळीत चालतात. मग याच पद्धतीनं एसएमएस, लोकेशन, माइक पाहायचे. आयफोनवाल्यांना २०२४च्या आयओएस १८पासून आणखी चांगली सोय आहे. तिथे सगळी यादी न देता निवडक कॉन्टॅक्टच अ‍ॅपला दाखवता येतात.

गॅलरीचंही असंच. आपल्या गॅलरीत सहलीचे फोटो थोडे आणि कागदपत्रं जास्त असतात: आधार, पॅन, पासबुकचं पहिलं पान, सातबारा, आईच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट, भाडेकराराची सहीची पानं. एक फोटो चढवायला सगळी गॅलरी उघडून देऊ नये. हल्लीच्या अँड्रॉइडवर आणि आयफोनवर तेवढाच फोटो निवडून देता येतो. आधारची गरज पडेल तिथे शक्यतो मास्क्ड आधार द्यावं. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मोफत मिळतं.

प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या पानावर २०२२पासून ‘डेटा सेफ्टी’ असा भाग असतो, अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरवरही तसंच लेबल असतं. जरूर वाचावं, पण ती माहिती अ‍ॅप बनवणाऱ्यानं स्वतःच भरलेली असते, हे ध्यानात ठेवून.

अ‍ॅप नको झालं की आपण ते नुसतं काढून टाकतो. त्यानं चिन्ह जातं, सर्व्हरवरचं खातं तसंच राहतं. आधी अ‍ॅपमध्ये जाऊन अकाउंट डिलीट करायचं, मग अनइन्स्टॉल. खातं उघडू देणाऱ्या अ‍ॅपनं ते मिटवायचीही सोय द्यायलाच हवी, असा दंडक अ‍ॅपलनं २०२२पासून घातला, आणि गूगलनं २०२३मध्ये तोच जाहीर केला.

कायद्यातलं एक उदाहरण

न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं एकमतानं सांगितलं. त्या वाटेनं पुढे २०२३चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७च्या मे महिन्यात लागू व्हायच्या आहेत. माहितीची राखण नीट केली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

या कायद्याच्या कलम ६मध्ये एक उदाहरण दिलंय, ते प्रत्येक फोनधारकाला माहीत असावं. एक बाई फोनवरून वैद्यकीय सल्ला देणारं अ‍ॅप घेते. अ‍ॅप दोन गोष्टींची संमती मागतं: सल्ल्यासाठी तिची माहिती वापरायची, आणि तिची कॉन्टॅक्ट लिस्ट बघायची. ती दोन्हींना हो म्हणते. कायदा सांगतो, की वैद्यकीय सल्ल्यासाठी कॉन्टॅक्ट लिस्ट लागत नाही, म्हणून तिचा होकार फक्त पहिल्या गोष्टीपुरता धरला जाईल. म्हणजे नकळत ‘अलाऊ’ दाबलं, तरी कंपनीला वाटेल ते घेण्याची मुभा मिळणार नाही. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्यायही द्यावा लागेल. त्या अनुसूचीत मराठी आहे, कोकणीही आहे. संमती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल.

कायदा चांगला आहे, पण त्या बाईच्या यादीतल्या माणसांना स्वतःहून काही कळण्याची सोय त्यात मला दिसत नाही. ज्याचा नंबर गेला, त्याला तो कुणाच्या फोनमधून गेला हे समजतच नाही. तक्रार तो कुणाविरुद्ध करणार? त्यामुळे तूर्त तरी त्या माणसांची राखण ज्याच्या हातात फोन आहे त्यालाच करायची आहे.

घडून गेल्यावर

चुकीची फाइल उघडली गेली असं लक्षात आलं, तर पहिल्यांदा फोन फ्लाइट मोडवर टाका आणि वायफायही बंद आहे ना ते पाहा. ओटीपी बाहेर जाणं तिथेच थांबतं. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगा, आणि लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत तक्रार पोचली, तर ते वाटेतच गोठवता येतात. सायबर गुन्ह्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक घ्यायला विसरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, तुम्ही कळवल्यानंतर जे पैसे जातील त्यांचा भार बँकेवर असतो.

ज्यांचे नंबर तुमच्या फोनमध्ये आहेत, त्यांना त्याच दिवशी सांगा. ‘माझ्या नंबरावरून पत्रिका किंवा कोणतीही फाइल आली असेल तर उघडू नका, पैसे मागितले तर देऊ नका’, एवढा मेसेज दुसऱ्या नंबरावरून भावकीच्या आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला तरी पुष्कळ जण वाचतात. कर्जाच्या अ‍ॅपच्या जाचात हेच आणखी महत्त्वाचं ठरतं. वसुलीवाल्याचा सगळा जोर, नातेवाइकांना कळेल या भीतीवर असतो. फोटो जोडून पाठवण्याची धमकी आली की ‘असा बनावट फोटो येईल, तो डिलीट करण्याआधी नंबरासकट स्क्रीनशॉट काढून मला पाठवा’ असं जवळच्या माणसांना आधीच सांगून ठेवावं. धमकीपोटी जास्तीचे पैसे भरू नयेत. भरणारा सापडला की मागणी वाढते.

अ‍ॅप काढून टाकायची घाई होते, पण त्याआधी दुसऱ्या फोननं पडद्याचे फोटो काढून ठेवा: अ‍ॅपचं नाव, मेसेज कोणत्या नंबरावरून आणि किती वाजता आला, फाइलचं नाव, पैसे गेलेल्या व्यवहारांचे यूटीआर क्रमांक. पोलीस ठाण्यात याच गोष्टी विचारतात. नंतर अ‍ॅप काढा. निघत नसेल तर फोन फॅक्टरी रीसेट करा, आणि सगळे पासवर्ड त्या फोनवरून न बदलता दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला.